मेमच्या पुस्तकातला वाघ

“तिला विचार ना, ती सुखी आहे का?”

तेरा वर्षं झाली तरी हा आवाज जेराहच्या कानातून गेला नव्हता. मऊ आवाज, जरासा ओला. नारळाच्या दुधात गूळ विरघळत असावा तसा. तो होता छत्रीवाल्या मेमचा. मेमचं खरं नाव मिसेस वेदरेल, पण ते उच्चारताना लुबुक तेरापच्या बायकांच्या तोंडातला विडा सांडायचा, म्हणून गावाने तिला तिच्या पांढऱ्या छत्रीवरूनच ओळखायचं ठरवलं. ती छत्री घरातसुद्धा उघडी असायची. छपराच्या झावळ्यांतून पाली पडतात, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. सांगणारी जेराहच होती, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

जेराहला इंग्रजी येई. पोरवयात सहा वर्षं तिने पिनांगला एका गोऱ्याच्या घरी मुलं सांभाळली होती. त्या मुलांच्या तोंडून उचललेलं ते इंग्रजी. त्यात रड, झोप, शी, भूक आणि ‘बाईंना सांगेन हं’ एवढं पक्कं. बाकी सगळं अंदाजाच्या नावेतून. पण पेराक नदीच्या त्या वळणावर तेवढंही दुसऱ्या कुणाला येत नव्हतं. म्हणून गोरं माणूस होडीतून उतरलं, की गाव जेराहला हाक मारी. विंचू चावला की मांत्रिकाला हाक मारतात, तशी.

छत्रीवाली त्या दिवशी तेहच्या ओसरीवर बसली होती. तेह म्हणजे जेराहची जिवाभावाची मैत्रीण. दोघींनी एका घाटावर दात घासले, एका फणीने केस विंचरले, एकाच महिन्यात दोघींची लग्नं झाली. चार ओळींचं पंतून रचण्यात तेहचा हात धरणारं नदीच्या दोन्ही काठांना कुणी नव्हतं. आधीच्या दोन ओळी झाडापानाच्या, मासेमांजराच्या, आणि नंतरच्या दोन ओळी थेट समोरच्याच्या बरगडीत.

मेमने विचारलं, “तिला विचार ना, ती सुखी आहे का? नवऱ्याबरोबर?”

जेराहने विचारलं. तेहने सुपारी कातरता कातरता मेमकडे बघितलं, छत्रीकडे बघितलं, आणि म्हणाली,

“नदीत टाकलं जाळं बाई, मासा गावला बोटभर,
केळीच्या पानात बांधून नेला, मांजर बसलं दारात;
नवरा माझा गुणी बाई, काम करतो वीतभर,
उरलेल्या कामाचं पुसू नका, बरकत आहे घरात.”

कुडामागे बसलेल्या बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. तेहचा नवरा इताम खांबांवरच्या घराच्या शिडीखाली बांबू सोलत होता, तो कानापर्यंत लाल झाला आणि तसाच सोलत राहिला.

“काय म्हणाली?” मेमने पेन्सिल ओली केली.

आता पाहुणीच्या ताटात असलं हाड कसं वाढायचं? इतका लांबचा समुद्र ओलांडून आलेली बाई, तिने मनापासून विचारलेलं. तिला वीतभराचा हिशोब सांगणं म्हणजे घराची लाज. अशा वेळी आपल्या माणसाने काय करायचं, ते आपल्या आजीपासून ठरलेलं आहे. गोड काहीतरी सांगायचं. ‘सुखी आहे, देवाची कृपा’ हे जेराहच्या जिभेवर आलंही होतं.

पण तोंडातून निघालं भलतंच. निघालं ते निघतच राहिलं, चांगलं दोन-तीन विड्यांएवढा वेळ. मेमची पेन्सिल धावत होती, मेमच्या नाकाचा शेंडा लाल होत होता. कुडामागच्या बायकांना वाटलं, जेराह पंतूनचा अर्थ फोड करून सांगते आहे. शेवटी मेमने छत्री खाली ठेवली, तेहचे दोन्ही हात हातात घेतले आणि रडली.

“हिला काय झालं?” तेहने विचारलं.

“विनोद लागला,” जेराह म्हणाली.

त्या दिवशी आपण मेमला काय सांगितलं, ते जेराहने आजतागायत कुणाला सांगितलं नव्हतं.

*

दीड वर्षाने पुस्तक आलं. चेगू सहाक, म्हणजे गावच्या शाळेचे मास्तर, ताइपिंगहून ते घेऊन आले आणि जुम्म्याच्या नमाजानंतर मशिदीच्या ओसरीवर त्यांनी गावाला त्याचं सार सांगितलं. चेगूंना उपमा फार आवडत, म्हणून त्यांनी उपमा तेवढ्या सांगितल्या.

“आपण मलय लोक म्हणजे तिन्हीसांजेचं फूल आहोत,” चेगू म्हणाले. “आवाज न करता कोमेजणार आहोत.”

“कधी?” म्हाताऱ्या बिलालने काळजीने विचारलं.

“तारीख नाही दिली.”

“मग यंदाची पेरणी करू ना?”

“करा.” चेगूंनी पान उलटलं. “आणि आपली तेह हरिणी आहे. ओल्या डोळ्यांची.”

तेहच्या डोळ्यांबद्दल गावाचं मत वेगळं होतं. ते डोळे बघून कोंबड्या अंडी घालायची जागा बदलत. लोक हसले. मग चेगू खाकरले आणि म्हणाले, “आणि इताम वाघ आहे. तो हरिणीला मारतो.”

इताम ओसरीच्या कडेला बसला होता. हा माणूस बांबूचे तराफे खाली समुद्रापर्यंत नेई. कोंबडी कापायची झाली तर आधी तिची माफी मागे आणि मग सुरी बायकोच्या हातात देई. तो सगळ्यांकडे बघून हसला, कारण सगळे त्याच्याकडे बघत होते. पण कुणी हसलं नाही. छापलेलं होतं ना.

गंमत तिथे संपायची, पण जिल्ह्याच्या साहेबानेही पुस्तक वाचलं. तो घोड्यावरून गावात आला आणि त्याने इतामला शाळेत बोलावलं. टोपी काढून, टेबलावर बोट आपटत, बायकांवर हात टाकणं कसं नामर्दपणाचं आहे ते तासभर सांगितलं. इताम मान खाली घालून ऐकत होता. शेवटी साहेबाने विचारलं, “कबूल आहे?”

आता एवढा मोठा माणूस, एवढा घाम गाळून, एवढ्या उन्हाचं बोललेला. त्याला तोंडावर ‘नाही’ कसं म्हणणार? इताम म्हणाला, “होय, तुआन.”

साहेबाने लिहून घेतलं.

घरी आल्यावर तेहने विचारलं, “तू हो म्हणालास?”

“तो इतका लांबून घोड्यावर आला होता गं,” इताम म्हणाला.

त्यानंतर वर्षभर इताम कॉफीच्या टपरीवर गेला नाही. पोरं त्याला बघून गुरगुरत. नदीवर समोरून येणारे तराफेवाले हाक मारत, “वाघोबा, शेपूट आवरा.” तो हसे, आणि घरी येऊन जेवताना गप्प बसे. त्याचं ते गप्प बसणं तेहला सोसेना. ती जेराहकडे आली.

“तू काय सांगितलंस तिला?”

“मी काही नाही. मेमनं मनचं लिहिलं. मेमा लिहितात तसं.”

“मेमला आपल्या भाषेतलं ‘पाणी आण’ एवढंच येत होतं, जेराह. त्या वहीत जे गेलं ते तुझ्या तोंडातून गेलं. मी रागावणार नाही. फक्त सांग.”

आतल्या खोलीत जेराहचा नवरा, गावाला धर्म शिकवणारा लेबाई तालिब, कुराण वाचत होता. गोड गळा. सगळा गाव म्हणे, मुंगीसुद्धा ओलांडून जाणारा माणूस. जेराहने विड्याचं तबक तेहपुढे सरकवलं आणि म्हटलं, “पान खा.”

तेहने पान घेतलं नाही. शिडी उतरून खाली गेली आणि तिथून म्हणाली, “ज्या दिवशी सांगशील, त्या दिवशी ही शिडी चढेन. तोवर तुझं घर माझ्यासाठी पुरात गेलं.”

गेली ती गेली. दोघींची घरं एका आंब्याच्या अंतरावर. एकीच्या तव्यावरचा मासा दुसरीच्या नाकाला कळे. पण अकरा वर्षांत तेह बोलली ती फक्त घाटावर, आणि तीही नदीशी, जेराह कपडे धूत असताना, मोठ्याने:

“पलीकडच्या काठी बाई पिकलं रंबुटान,
माकडांनी खाल्ला गर, उरली नुसती साल;
मेमच्या वहीत बाई कुणी लिहिलं पान?
शाई होती तिची, पण बोलणं कुठून आलं?”

जेराह कपडे जास्तच जोरात आपटी.

*

लेबाई तालिब जाऊनही तीन वर्षं झाली होती. त्याची पांढरी टोपी जेराहच्या मुलीने, रुगायाहने, फळीवर कापडात गुंडाळून ठेवली होती. मुलीचा बापावर फार जीव. बापानेच तिला अक्षरं शिकवली, मांडीवर बसवून. त्या टोपीखाली जेराह रोज भात वाढी.

आता रुगायाहचं लग्न आठ दिवसांवर आलं होतं. मुलगा खालच्या अंगाच्या बोता गावचा. बोताची माणसं चांगली, पण त्यांच्या वऱ्हाडात तोक लेला नावाचा दात पडलेला म्हातारा होता, आणि तो पंतूनांच्या जोरावर चाळीस वर्षं नवरीकडच्यांची दारं उघडत आला होता. वऱ्हाड दाराशी आलं की नवरीकडची बाई उंबऱ्यात उभी राहते, पंतून टाकते. वऱ्हाडाने उलटं उत्तर द्यायचं. ती पुन्हा टाकणार. निदान सात फेऱ्या तरी दार धरून ठेवायचं. पहिल्याच फेरीत दार उघडलं तर बोतापर्यंत प्रत्येक होडीत गोष्ट होते, की ती पोरगी फुकट मिळाली. जन्मभर सासरी ऐकावं लागतं.

“दाराशी कोण उभं राहणार, माक?” रुगायाहने आईला विचारलं.

“मी राहीन.”

“तू? तुला तर ‘झोप बाळा’पुढं काही येत नाही. तोक लेला तुला शिंकेसरशी उडवील. तेहमावशीला बोलाव.”

“ती येणार नाही.”

“येईल. मी रोज तिच्याकडं असते, मला माहीत आहे. काल मी म्हणाले, मावशी, दार धर ना माझं. तर म्हणाली, तुझ्यासाठी नदी धरीन गं, पण आधी तुझ्या आईला तोंड उघडू दे. काय आहे ते सांगून टाक ना एकदाचं. एवढं काय मोठं आहे?”

जेराहने फळीवरच्या टोपीकडे बघितलं. म्हणाली, “नारळ किती लागतील ते मोज.”

आणि नेमकी त्याच दिवशी बुटांची मेम आली.

तिचं नाव मिस क्रॅग. लग्न न झालेली, लांब हाडांची, पायात तराफेवाल्याला शोभतील असे बूट. हिच्याकडे छत्री नव्हती. होती ती काठी, आणि काठीने ती येता-जाता सगळ्याला ढोसून बघे. कोंबडीला, चटईला, चेगू सहाकांनाही. रडणं हिच्या खानदानात नसावं. डासांपासून डांबरी साबणापर्यंत आणि सरकारपासून तेम्पोयाकपर्यंत तिला सगळ्याची चीड होती. आंबवलेल्या दुरियन फळाचा तो तेम्पोयाक तिने एकदा चाखला आणि म्हणाली की अशी चव बाटलीत भरून शत्रूवर फेकावी. पण दुसऱ्यांदा वाढायला मागितला.

तिच्या पिशवीत छत्रीवालीचं पुस्तक होतं, पानापानावर लाल पेन्सिलीने रेघा मारलेलं.

“ही बाई लिहिते तुम्ही कोमेजताय,” बुटांची मेम जेराहच्या ओसरीवर बसून म्हणाली. “कोमेजताय का?”

“सकाळपासून तरी नाही,” जेराह म्हणाली.

मेम घोड्यासारखी हसली. “मी या नदीवर सहा महिने हिंडते आहे. मला तर इथे एकही हरिणी भेटली नाही. मला भेटल्या त्या बायका नवऱ्याला बाजारात पाठवतात, परत आला की त्याची पिशवी तपासतात आणि चूक निघाली की पुन्हा पाठवतात. पुरुष सगळे आळशी लोळे आणि तुम्ही सगळ्या हसऱ्या लबाड. माणसाला बरं वाटावं म्हणून खोटं बोलणाऱ्या. बरोबर ना?”

“बरोबर, मेम,” जेराह म्हणाली, मेमला बरं वाटावं म्हणून.

“त्या बाईला कुणीतरी उल्लू बनवलं. मी माझ्या पुस्तकात तिची छत्री मोडणार आहे. मला ती हरिणी दाखव.”

*

तेह जेराहच्या घरी येणार नव्हती, तेव्हा मेमलाच तेहकडे जावं लागलं, आणि मेमच्या मागे जेराहला. अकरा वर्षांनी जेराह ती शिडी चढली. चौथी पायरी अजून करकरत होती.

स्वयंपाकघरातून खोबरं किसल्याचा आवाज येत होता. रुगायाह आत होती, मावशीच्या किसणीवर बसून लग्नाचे नारळ किसत. तेहने चटई झटकून मेमला बसवलं. जेराहला बस म्हणाली नाही, पण चटई दोघींना पुरेल अशी टाकली.

शिडीवर इताम बांबूची पात काढत बसला होता. मेमने काठी त्याच्याकडे वळवली.

“हा वाघ?”

“हाच,” जेराहने भाषांतर न करताच उत्तर दिलं.

मेमने त्याला निरखलं. इताम तिच्याकडे बघून हसला, आणि तिला ऊन लागतंय असं वाटून त्याने आपली टोपली आडवी धरली.

“परमेश्वरा,” मेम म्हणाली आणि तिने वहीत काहीतरी खरडलं. “बाईला विचार, हा तिला मारतो का?”

जेराहने विचारलं. अकरा वर्षांत तिने तेहशी थेट बोललेलं हे पहिलं वाक्य.

“ह्याला मारायला उठायला लागेल,” तेह म्हणाली. “तिला सांग, हा उठत नाही. सांग, नीट सांग. या वेळी मी म्हणते तेच.”

जेराहने जसंच्या तसं सांगितलं. मेम इतकी हसली की चटईखालची काडी मोडली.

“ठीक. आता मी त्या बाईचं पान वाचते. एकेक वाक्य. तू तिला सांग, आणि ती म्हणेल ते मला सांग. त्या छत्रीला भोकं पाडू या.”

मेमने चष्मा चढवला. पान काढलं. चेगू सहाकांनी उपमा नसल्यामुळे सोडून दिलेलं पान. मेम वाचू लागली तशी जेराहला आपलंच तेरा वर्षांपूर्वीचं इंग्रजी ऐकू आलं. पिनांगच्या मुलांचं, मोडकं, पण इथे इस्त्री करून ठेवलेलं. तिला वाटलं, बदलावं. सहज बदलता येईल. ‘तो तिला उपाशी ठेवतो’ म्हणावं, ‘मगर अंगावर सोडतो’ म्हणावं. तेह खो खो हसेल, मेम लिहून घेईल, चहा होईल.

तेह तिच्या तोंडाकडे बघत होती. डोळा न मिटता.

जेराहने पहिलं वाक्य जसं होतं तसं सांगितलं. “‘तो घरी येतो तेव्हा आधी हातपाय धुतो.’”

“चला, स्वच्छ वाघ आहे,” तेह म्हणाली. “पुढं?”

“‘मग तो खिडक्या लावतो. एकेक करून. सावकाश, कडी वाजू न देता. शेजाऱ्यांना वाटतं, वारा सुटला असेल.’”

तेहची सुपारी कातरायची थांबली.

“‘मग तो हात उचलतो. तोंडावर कधीच नाही. तोंड लोकांना दिसतं. नंतर तो पुन्हा हातपाय धुतो आणि नमाजाला उभा राहतो. त्याचा आवाज फार गोड आहे. तो म्हणत असतो तेव्हा मी खिडक्या उघडते.’”

आत किसणीचा आवाज बंद पडला.

ओसरीवर मेमखेरीज सगळ्यांना तो बंद पडलेला ऐकू आला. खाली कोंबडीने पिलांना हाक मारली. इतामने पात खाली ठेवली, पुन्हा उचलली.

“काय म्हणते ती?” मेमने पेन्सिल सावरली.

तेह हळूच बोलली. मेमशी नाही, चटईशी बोलावं तशी. “आमच्या घराला खिडक्यांची दारं आहेत कुठं? लग्नानंतरच्या दुसऱ्या पुरात गेली. तेव्हापासून हा उद्या करतो म्हणतोय.”

मेमला आपल्या आठ शब्दांच्या मलयातून एवढं समजलं, किंवा तिने मान वर करून बघितलं असेल. ओसरीच्या दोन्ही भिंतींना चौकोनी उजेड होता आणि त्यातून आंब्याची एक फांदी सरळ आत आली होती.

“खिडक्याच नाहीत,” मेमने मांडीवर थाप मारली. “सापडली. रडकी बाई, खिडक्यासुद्धा मनच्या लावल्या. ऐक, मी काय लिहिणार ते हिला सांग. तिचा आनंद बघायचा आहे मला. ‘मी स्वतः चौकशी केली. ते सगळं थोतांड आहे. या नदीकाठी कुठल्याही बाईवर कुणी कधी हात उचललेला नाही. ती खिडक्या लावणारी बाई कधी नव्हतीच.’ सांग.”

जेराहने सांगायला सुरुवात केली. “मेम म्हणते, इताम सुटला. पुस्तकात छापणार आहे. चौकशी केली म्हणते. म्हणते, या नदीकाठी कुठल्याही बाईवर…”

एका मेमने जेराहचं दुखणं घेतलं आणि तेहच्या अंगावर घातलं. तेही जेराहनेच आपल्या हाताने दिलेलं. आता ही दुसरी आली, ही चांगल्या मनाची, खरं शोधायला निघालेली, आणि ही ते पुसून टाकणार होती. दोघींनाही चटईवर बसवून विडा दिला होता. दोघींनीही चटईवर कोण बसलंय ते बघितलं, आणि मधे बसलेली दुभाषी दोघींनाही दिसली नाही. खिडकीच्या कडीसारखी, आवाज न करणारी.

तेहने तबक ओढलं. पानाला चुना लावला, कात लावला, सुपारी घातली, घडी केली. तो विडा तिने जेराहपुढे धरला.

“राहू दे,” तेह म्हणाली. “नको पुढचं सांगूस. मला काही ऐकायचं नाही. मी येईन तुझ्या दाराशी. तोक लेलाचे उरलेले दात मी पाडते. सात नाही, अकरा फेऱ्या धरीन. घे, खा.”

“काय चाललंय?” मेमने विचारलं. “ही खूश आहे ना? मी लिहू ना?”

शिडीवरून इताम म्हणाला, “लिहू दे गं तिला. बिचारी किती लांबून आली आहे.”

“तू गप्प बस, वाघा,” तेह म्हणाली, पण आवाजात धार नव्हती.

जेराहने विडा हातात घेतला. तिला जे हवं होतं ते मिळालं होतं. तेह येणार, दार धरणार, मुलीची लाज राहणार. इताम छापून सुटणार. तालिबची टोपी फळीवर राहणार. तोंडात पान घातलं की झालं. पान घालून बोलता येत नाही, ही मोठी सोय आहे. आपल्या बायकांनी कित्येक पिढ्या ती वापरली आहे.

स्वयंपाकघराच्या दारात रुगायाह येऊन उभी राहिली होती. कोपरापर्यंत हात खोबऱ्याने पांढरे. ती आईकडे बघत नव्हती. ती फांदी आत आली होती तिकडे, त्या उघड्या चौकोनाकडे बघत होती, आणि तिचे ओठ काहीतरी मोजत असल्यासारखे हलत होते. लहानपणच्या दुपारी मोजत असावी. कधी वारा सुटला होता, कधी नव्हता.

“मेम, लिहू नका,” जेराह इंग्रजीत म्हणाली.

“का?”

जेराहने विडा तबकात परत ठेवला. मग ती तेहकडे वळली. लेकीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात, आपल्या भाषेत बोलली:

“त्या दिवशी तिनं तुझं विचारलं, तेह, आणि मी माझं सांगितलं. खिडक्या तालिब लावायचा. मला मारायचा तो, सतरा वर्षं.”